दारात आलेला केवायसीवाला, जाऊबाई आणि आधारचं कुलूप

दुधनाकाठ

आमच्या सासरी, मंठा तालुक्यातल्या एका गावात, वेचणीच्या दिवसांत घडलेली गोष्ट लिहिते आहे. तपास चालू आहे, म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. पण ही पद्धत सगळ्यांना कळायला पाहिजे. हीच माणसं उद्या परतूर, सेलू, जिंतूर कुठंही जातील.

वेचणी म्हटल्यावर सकाळी अकराला गल्लीत चिटपाखरू नसतं. घरी माझ्या थोरल्या जाऊबाई, सासूबाई आणि दहावीतली पुतणी. दारात मोटारसायकल थांबली. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग, हातात टॅब आणि अंगठ्याचं मशीन असलेला एक जण उतरला, दुसरा गाडीवरच बसून राहिला. "तहसीलातून आलोय. अतिवृष्टीच्या अनुदानाची केवायसी राहिली तुमची. आज नाही केली तर पैसे परत जाऊ लालेत."

सासूबाई ओसरीवर होत्या. त्यांनी आधार दाखवलं, त्यानं फोटो काढला. मग त्यानं एका डबीतल्या मऊ पट्टीवर त्यांचा अंगठा दाबून घेतला. "मशीन गरम झालंय, तोवर यावर ठेवा आजी." जाऊबाई आतून आल्या तेव्हा तो पट्टी डबीत ठेवत होता.

जाऊबाईंना तिथंच शंका आली. अनुदानाची रीत गावात सगळ्यांना पाठ आहे. तलाठ्याकडून यादी लागते, यादीत आपला व्हीके नंबर म्हणजे विशिष्ट क्रमांक असतो, तो घेऊन आपणच सेतूवर नाहीतर सीएससी केंद्रावर जायचं. त्यांनी सरळ विचारलं, "व्हीके नंबर काय आमचा?" तो म्हणाला, यादी नंतर येणार आहे. वर पॅन कार्ड मागितलं आणि मोबाईलवर येणारा ओटीपी सांगा म्हणाला. शेतीच्या अनुदानाला सासूबाईंचं पॅन कशाला?

त्या आरडाओरडा करून मोकळ्या झाल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. "बसा, चहा टाकते, मोबाईल आत चार्जिंगला आहे," म्हणून आत गेल्या. पुतणीच्या फोनवर एमआधार ॲप होतं, शाळेच्या शिष्यवृत्तीच्या वेळी घेतलेलं. तिनं आधी आजीचं आणि मग आईचं बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे आधारची अंगठ्यानं होणारी पडताळणी बंद केली. ओटीपी घरातल्याच फोनवर आले. चहाला उकळी येईपर्यंत काम झालं होतं. मग तिनं मागच्या दारानं शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना पोलीस पाटलांकडं पाठवलं आणि ११२ ला फोन लावला.

बाहेर जाऊबाईंनी मशीनवर अंगठा ठेवला. घेईना. परत ठेवला, पुसून ठेवला, दुसरं बोट ठेवलं. त्यांच्या बोटांना वेचणीनं चिरा पडलेल्या असतात, त्यामुळं त्याला पहिल्यांदा संशय आला नाही. मग त्यानं स्क्रीनवरचा संदेश नीट वाचला आणि आवाज चढवला. "लॉक कामून केलं? उघडा. नाहीतर लाडक्या बहिणीचे पैसेबी बंद करीन. घर बघून ठेवलंय मी."

जाऊबाई म्हणाल्या, "साहेब, मला काय कळतंय त्यातलं. पोस्टातल्या माणसानं करून दिलंय ते. आज चावडीवर बसलाय तो, सगळ्या बायांचे अंगठे तिथंच चालू आहेत. चला, उघडून देतो." चावडीवर पोस्टाचा कुणीही नव्हता. पण अनेक बायांचे अंगठे एकाच जागी मिळतात हे ऐकून तो निघाला. जाऊबाई पुढं, तो मागं.

चावडीवर पोलीस पाटील आणि पाच-सहा माणसं होती. गाडीवरचा गर्दी बघून पळाला, हा मात्र अडकला. कमरेला चाकू निघाला. बॅगेत चालू सिमकार्डं आणि बऱ्याच जणांच्या आधारच्या झेरॉक्स होत्या. पोलीस येईपर्यंत कुणी त्याच्यावर हात टाकला नाही, त्याला नुसतं बसवून ठेवलं.

ती डबी मात्र पळालेल्या माणसाकडं गेली. दुसऱ्या दिवशी मायआधार पोर्टलवर सासूबाईंचा प्रमाणीकरण इतिहास उघडला, तर आदल्या संध्याकाळी त्यांच्या अंगठ्यानं पडताळणीचे प्रयत्न झालेले दिसले. सगळे अयशस्वी. सासूबाईंच्या खात्यात श्रावणबाळ योजनेचे पैसे येतात. ते जागच्या जागी आहेत.

मला एवढंच म्हणायचं आहे की आपला आधार नंबर आता गुपित राहिलेला नाही. रेशन दुकान, शाळा, बँक, लॉज, सगळीकडं त्याच्या प्रती पडल्या आहेत. चोराच्या हातात गेलेला कागद परत आणता येत नाही, पण तो कागद बिनकामाचा करणं आपल्या हातात आहे. तुमच्याकडचे अनुभव आणि उपाय लिहा.

---

मांजराथडी

ताई, जाऊबाईंना नमस्कार सांगा. मी लातूर जिल्ह्यात बँकेत आहे, म्हणून त्या डबीबद्दल लिहितो.

आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सोयीला आम्ही एईपीएस म्हणतो. गावातला बँक मित्र छोट्या मशीनवर अंगठा घेऊन पैसे देतो, ते हेच. त्याला तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा. पिन नाही, ओटीपी नाही. एका व्यवहाराला १०,००० रुपयांची मर्यादा आहे. ज्यांच्या गावात एटीएम नाही त्यांच्यासाठी ही सोय फार चांगली आहे आणि ती बंद व्हावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण अंगठ्याचा ठसा चोरला की पिन चोरल्यासारखंच होतं, आणि पिन बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

देशात काही ठिकाणी जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरून ठसे उचलून नकली अंगठे बनवल्याचे गुन्हे उघड झाले आहेत. त्यानंतर २०२३ मध्ये आधार देणाऱ्या यूआयडीएआयनं बोट जिवंत आहे का हे ओळखणारी पडताळणी आणली. त्यानं बराच आळा बसला, पण सगळा भार मशीनवर टाकू नका.

पैसे गेलेच तर बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं आणलेल्या नियमाप्रमाणं चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा पडत नाही. बँकेनं १० कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात दाखवायची असते. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करणंही बँकेवर आहे. काउंटरवर कुणी "तुम्हीच अंगठा दिला असेल" म्हणून परत पाठवत असेल तर रिझर्व्ह बँकेचा हा नियम सांगा.

---

बालाघाट_पायथा

मला यातला एक भाग पटला नाही, स्पष्ट लिहितो. चाकू बाळगणाऱ्या माणसाला चहा पाजून, खोटं बोलून गावभर फिरवणं म्हणजे जीवावरचा खेळ आहे. घरात दहावीतली पोरगी होती. दार लावून घ्यायचं आणि फोन करायचा. बीडकडं अशा माणसांनी कुणावर हात टाकायला मागंपुढं पाहिलेलं नाही. हा धागा वाचून उद्या कुणी बहीण असलंच धाडस करायला गेली तर?

---

दुधनाकाठ

दादा, तुमची काळजी खरी आहे आणि मीही जाऊबाईंना हाच प्रश्न विचारला होता. त्यांचं उत्तर होतं, "गल्लीत माणूस नव्हतं, सासूबाई ओसरीवर त्याच्या हाताशी बसलेल्या. दार लावलं असतं तर त्या बाहेर राहिल्या असत्या. म्हणून त्याला घरापासून लांब, माणसांत न्यायचं ठरवलं." चाकू आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

तरी तुमचं म्हणणं धाग्यात राहावं. घरी कुणी एकटं असेल तर नमस्कार करून "मालक शेतात आहेत, संध्याकाळी या" म्हणावं, दार लावावं, गाडीचा नंबर टिपावा आणि ११२ लावावा. माझ्या मते त्या दिवशी खरं काम पुतणीनं आत केलं. ती डबी त्यांच्या हाती लागूनही उपयोगी पडली नाही, ती त्या लॉकमुळं.

---

हिंगोलीचा_बाळू

ताई, प्रश्न आहे. लॉक केलं की रेशनचं काय? आमच्या आईचा अंगठा दर महिन्याला दुकानात लागतो. शिवाय आईकडं बटणाचा फोन आहे, मी पुण्यात.

---

मांजराथडी

बाळू, हा प्रश्न बँकेतही रोज येतो. लॉक केलं की अंगठा, बुबुळ आणि चेहरा तिन्हीची पडताळणी थांबते. म्हणजे रेशनच्या मशीनवरही अंगठा चालणार नाही. त्यासाठी तात्पुरतं उघडायची सोय आहे. १० मिनिटं उघडं राहतं आणि आपोआप पुन्हा बंद होतं. आई दुकानात रांगेत पुढं आली की तिनं तुला फोन करायचा, तू पुण्यातून उघडायचं. बटणाच्या फोनवर ओटीपी येतो, तो तिनं तुला वाचून दाखवायचा. तुला म्हणजे तुलाच, हे तिला पक्कं सांगून ठेव. दुकानदाराला नाही, मॅनेजर म्हणवणाऱ्याला नाही.

पण आधी आईचा सध्याचा नंबर आधारला जोडलेला आहे का ते बघ. मराठवाड्यात निम्मी अडचण तिथंच असते. जुना नंबर कधीच बंद पडलेला असतो, नाहीतर ऊसतोडीला गेलेल्या भावाकडं असतो. नंबर बदलायचं काम आधार केंद्रावर होतं. शंका असेल तर १९४७ वर फोन कर, यूआयडीएआयचा तो क्रमांक आहे आणि मराठीत बोलता येतं.

---

मोबाईलवाला_धाराशिव

माझं सिमकार्ड आणि रिचार्जचं दुकान आहे. आमच्याच धंद्यातली काही माणसं काय करतात ते लिहितो, कारण त्यांच्यामुळं आमच्या सगळ्यांच्या तोंडाला काळं लागतं.

सिम घ्यायला आलेल्या माणसाचा एकदा अंगठा घेतात. मग "आला नाही, परत ठेवा" म्हणतात. पहिला आलेला असतो. दुसऱ्या अंगठ्यावर त्याच्याच नावानं दुसरं सिम चालू होतं आणि ते ठगांना विकलं जातं. पुढं त्या नंबरवरून कुणाला लुबाडलं की पोलीस येतात ते या शेतकऱ्याच्या दारात. अंगठा परत ठेवायला सांगितलं तर आधी स्क्रीन आपल्याकडं फिरवायला लावा. पहिला नाकारला गेला असेल तर तसं तिथं दिसतं. माझ्या दुकानात मी न सांगता स्क्रीन फिरवतो.

आपल्या नावावर किती नंबर आहेत हे संचार साथीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं. नंबर टाका, ओटीपी टाका, यादी येते. अनोळखी नंबरपुढं "हा माझा नंबर नाही" निवडलं की कंपनीला तपासून तो बंद करावा लागतो. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. संशयास्पद फोन किंवा मेसेजची तक्रार तिथंच "चक्षू" मध्ये करता येते.

दुसरं, तुमचा फोन भर गावात अचानक "नो सर्व्हिस" दाखवायला लागला आणि शेजारच्याला त्याच कंपनीची रेंज आहे, तर टॉवर गेला असेल म्हणून संध्याकाळपर्यंत थांबू नका. कुणीतरी तुमच्या नावानं डुप्लिकेट सिम काढलेलं असू शकतं. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे. ही २४ तासांची सवड तुमच्यासाठीच आहे.

---

गोदावरी_नाभिस्थान

नांदेडहून. आमच्या वडिलांच्या नावावर एका ॲपवाल्या कंपनीचं कर्ज निघालं. त्यांनी आयुष्यात सोसायटीच्या पीककर्जाशिवाय कर्ज घेतलेलं नाही. आम्हाला कळलं ते पीककर्जाचं नूतनीकरण अडलं तेव्हा. फोनवर वसुलीवाले वडिलांना जे बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर कुणाचा रुपया बुडवला नाही, तो फोन वाजला की अंगणात जाऊन बसायचा.

मग एका मित्रानं रस्ता दाखवला, तोच सांगतो. देशात लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, कारण एका अहवालात असलेलं कर्ज दुसऱ्यात नसतं. शेवटी "चौकशी" नावाचा भाग असतो, तो नक्की वाचा. आपण कर्ज मागितलं नसताना कुणी आपला अहवाल बघितला असेल तर ते तिथं दिसतं, म्हणजे कर्ज निघायच्या आधीच सुगावा लागू शकतो.

आम्ही पतमाहिती कंपनी आणि कर्ज देणारी कंपनी दोघांनाही लेखी तक्रार केली, पोलीस तक्रारीची प्रत जोडली. तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची असते, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. पत्रात तो नियम लिहिल्यावर उत्तर आलं. कर्ज कोणत्या खात्यात जमा झालं ते आम्ही विचारलं होतं. ते खातं वडिलांचं नव्हतंच. तिथंच प्रकरण फिरलं आणि नोंद निघाली.

कागद कुठून गेला असेल याचा खूप विचार केला. आमचा अंदाज झेरॉक्सच्या दुकानावर आहे. अर्ज भरायच्या गडबडीत आपण दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधार, पॅन, पासबुक, फोटो सगळं पाठवतो. प्रिंट निघते, आपण वीस रुपये देऊन निघून जातो, आणि फायली त्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पडून राहतात. पुढचा गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह लावून बसला तर त्याला कोण अडवणार? आता आम्ही प्रिंट झाली की समोर उभं राहून फाईल पुसायला लावतो, रिसायकल बिनमधूनसुद्धा. जिथं चालतं तिथं मास्क्ड आधार देतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. साध्या झेरॉक्सवर आडवं लिहितो: कुणाला दिली, कशासाठी, कोणत्या तारखेला. लिहिताना अक्षरं छपाईवर गेली पाहिजेत, मोकळ्या कडेला लिहिलेलं कापून टाकता येतं.

---

वकील_परभणी

कायद्याचं थोडक्यात. दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. तोतयेगिरी करून फसवलं तर ६६डी लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं हद्दीचं कारण सांगून पोलीस ठाण्याला गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही. आरोपी जामताऱ्यात बसलेला असो की जालन्यात, तक्रार तुमच्या ठाण्यात होते.

पैसे गेले असतील तर ठाण्यात जायच्या आधी १९३० लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उड्या मारत जातो आणि तो वाटेत गोठवायचा तर पहिले काही तासच हातात असतात. फोन लागला नाही तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा आणि क्रमांक जपून ठेवा.

फोनवर पोलीस, सीबीआय किंवा न्यायाधीश बनून "तुमच्या आधारवर पार्सलात अमली पदार्थ सापडले, कॅमेऱ्यासमोरून हलू नका" म्हणणारे आता जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना खोटी माहिती देऊन खेळवतही बसू नका. व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा आणि आवाज त्यांच्याकडं जात असतो. फोन ठेवा.

आणि कॉलेजच्या मुलांना सांगा: पाच-दहा हजारांसाठी आपलं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम "कमिशनवर" कुणाला देऊ नका. परभणीतली चांगल्या घरातली पोरं यात अडकून माझ्याकडं येतात. चोरी त्यांनी केलेली नसते, पण पैसा त्यांच्या खात्यातून गेलेला असतो. मग परराज्यातल्या पोलिसांच्या नोटिशीला उत्तरं देत वर्ष जातं आणि खातं गोठलेलं राहतं ते वेगळंच.

---

बालाघाट_पायथा

वकील साहेब, फोनवाल्याला खेळवू नका हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. दुधनाकाठ ताई, तुमचं उत्तर वाचलं. आजी बाहेर होत्या हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी आज आमच्या घरातली सहा आधारं लॉक केली. दोघांचे नंबर जुने निघाले, ते सोमवारी केजला जाऊन बदलणार.

एक भर घालतो. आमच्या गावच्या ग्रुपवर "पीएम किसान यादी" आणि "चलान" नावाच्या एपीके फायली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फायली, फिरतात, मध्ये एक लग्नपत्रिकाही फिरली. पत्रिका कधी ॲप म्हणून येत नाही. ती फाईल बसवली की फोनचे एसएमएस परस्पर दुसरीकडं जातात आणि ओटीपी चोराला घरबसल्या मिळतो. ओळखीच्याच नंबरवरून आलेली असते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. बसवली गेली असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग फोन रिसेट. कॉल दुसरीकडं वळवले असतील तर ##००२# डायल केल्यावर ते बंद होतं.

---

हिंगोलीचा_बाळू

मांजराथडी सर, आईचा नंबर जुनाच निघाला, औंढ्याच्या केंद्रावर मामा घेऊन जातोय. अजून एक विचारायचं होतं. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचं आधार, सिम तसंच आहे. त्याचा कुणी उपयोग करू शकतं का?

---

मांजराथडी

करू शकतं, आणि मयताच्या नावाचा गैरवापर लवकर लक्षात येत नाही, कारण तक्रार करायला तो माणूस नसतो. घरातल्या व्यक्तीच्या मृत्यूची नोंद करायची सोय यूआयडीएआयनं २०२५ मध्ये मायआधार पोर्टलवर सुरू केली आहे. मृत्यू नोंदणीचा क्रमांक हाताशी ठेव आणि तू स्वतःच्या आधारनं लॉगइन करून कळव.

सिमच्या बाबतीत घाई करू नकोस, क्रम महत्त्वाचा आहे. आधी वडिलांचा नंबर कुठं कुठं जोडलेला आहे ते बघ: आईचं जोडखातं, गॅस, पीएम किसान, वीजबिल. तिथं आईचा नवा नंबर टाक. सगळं झालं की मग सिम बंद करायचा अर्ज दे. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते, आणि जोडखात्याला तोच नंबर राहिला असेल तर त्या खात्याचे ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जातील. बँकेत जाताना मृत्यूचा दाखला, आईचं आधार आणि पासबुक घेऊन जा. आईला सोबत ने, तिच्या सहीशिवाय जोडखात्याचा नंबर बदलत नाही.